शून्याच्या रकान्यात कोण?

मैत्रिणींनो,

आपली शनिवार पेठेतली खोली तुमच्यापैकी बऱ्याचजणींच्या पायाखालची आहे. अहिल्यादेवी शाळा सुटली की खालचा रस्ता मुलींनी भरून जातो आणि तेवढा वेळ खोलीत एकमेकींचं बोलणं ऐकू येत नाही. अशाच एका दुपारी एक जुनी मैत्रीण जिना चढून आली. कॉलेजात असताना ती आपल्या अभ्यासगटात नेमानं यायची. पुढे लग्न, नोकरी, मूल यांत येणं कमी झालं, पण दिवाळीला भेटायची. तिनं पिशवीतून एक छापलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "ताई, आम्ही जर्मनीला चाललोय, श्टुटगार्टला. ह्यांना तिथल्या कंपनीनं तीन वर्षांच्या करारावर बोलावलंय. हा खर्चाचा अंदाज. जरा नजरेखालून घालता का?"

मी कागद पाहिला. काम चोख होतं. दोन रकाने, एक पुण्याचा, एक श्टुटगार्टचा. ओळी एकतीस. नवरा चाकणच्या कारखान्यात इंजिनिअर, त्यानं रात्री जागून तो तयार केला होता. सहसा परदेशी निघालेली माणसं पगाराच्या युरोला शंभरानं गुणतात आणि खुळ्यासारखी खूश होतात. यानं तसं केलं नव्हतं. पगार युरोत आणि खर्चही युरोतच धरला होता. घरभाड्याच्या दोन ओळी होत्या. तिथं नुसत्या जागेचं भाडं वेगळं सांगतात, आणि पाणी, गरम ठेवण्याचा खर्च, जिन्याची झाडलोट वगैरे धरून होणारं भाडं वेगळं. जाहिरातीतला पहिला आकडा पाहून हुरळलेले पहिल्याच महिन्यात अडचणीत येतात. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या नुसत्या भाड्याइतकी असू शकते आणि कायद्यानं ती तीन हप्त्यांत देता येते, हेही त्याला ठाऊक होतं. भाड्याच्या घरात पुष्कळदा ओटा, शेगडी, कपाटंसुद्धा नसतात, आधीचा भाडेकरू सगळं स्वयंपाकघर उचलून घेऊन जातो, म्हणून त्याचीही सोय केलेली होती. रेडिओ-टीव्हीची वर्गणी प्रत्येक घराला सक्तीची, २०२१ पासून महिन्याला १८.३६ युरो, तीही होती. न कमावणारी बायको आणि मूल नवऱ्याच्या सरकारी आरोग्यविम्यात जादा वर्गणीशिवाय बसतात, हे लिहिलेलं होतं. मुलामागे सरकार भत्ता देतं, २०२५ मध्ये तो महिन्याला २५५ युरो होता, तो जमेला धरला होता. हिवाळ्याचे कोट, बूट, मुलासाठी दोन जोड हातमोजे, कारण एक हरवणारच!

मी मनापासून म्हटलं, "छान केलंय गं." आणि मग माझी नजर मधल्या तीन ओळींवर थांबली.

स्वयंपाकाच्या मावशी : पुणे ४,५०० रुपये, श्टुटगार्ट शून्य.
धुणं-भांडी : पुणे ३,५०० रुपये, श्टुटगार्ट शून्य.
पाळणाघर : पुणे ६,००० रुपये, श्टुटगार्ट शून्य.

पुढे शेरा होता, 'बचत, दरमहा १४,०००.'

मी विचारलं, "जर्मनीत स्वयंपाक आपोआप होतो का?" ती हसली. मग हसायची थांबली. म्हणाली, "मी घरीच असणार ना."

मैत्रिणींनो, हे संपादकीय त्या तीन शून्यांबद्दल आहे.

ही मैत्रीण एका खाजगी कंपनीत हिशेबनीस आहे. आठ वर्षं रोज दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवते आहे. पैशाची चूक पैशात शोधून काढणारी ही बाई स्वतःच्या संसाराच्या ताळेबंदात स्वतःलाच शोधायला विसरली होती. मी तिला दोष देत नाही, आपण सगळ्याच हे विसरतो. शिकवणच तशी आहे. घरासाठी केलेलं मोजायचं नसतं. मोजणारी बाई कोत्या मनाची.

मग आम्ही दोघींनी मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. तिचा पगार महिन्याला ४२,०००. तीन वर्षांचे, एकही वाढ न धरता, १५ लाख १२ हजार. भविष्यनिर्वाह निधीत तिचे महिन्याला ३,००० आणि कंपनीचेही तेवढेच, म्हणजे तीन वर्षांचे २ लाख १६ हजार. दोन्ही मिळून १७ लाख २८ हजार रुपये. हा आकडा एकतीस ओळींत कुठेही नव्हता. तिची नोकरी सुटणं हा त्या कागदावर खर्चच नव्हता!

मग जमेची बाजू पाहिली. निघण्यापूर्वी सुमारे ९ लाख लागणार होते. तिकिटं, अनामत, पहिलं भाडं, स्वयंपाकघर, कपडे. नवऱ्याची शिल्लक घरकर्जात अडकलेली. मग हे ९ लाख कुठून? तिचा पीएफ काढून ४ लाख. तिची ग्रॅच्युइटी १ लाख १५ हजार. 'सोनं मोडून' ३ लाख, आणि ते सोनं तिच्या माहेरचं. म्हणजे ९ लाखांतले ८ लाख १५ हजार तिचे. संसार परदेशी नेणारं भांडवल तिचं होतं, पण कागदावर तिचं नाव नव्हतं. 'पीएफ', 'सोनं', 'इतर' एवढंच.

नवऱ्यानं फसवायला असं लिहिलेलं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगते. पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. ओंकारेश्वराच्या बाजूला, जुना वाडा पाडून झालेल्या इमारतीत ते राहतात. मुलगा सरळ, बायकोला मानणारा. मागच्या बाजूचा हिशेब त्यानं शांतपणे वाचला आणि गोंधळून म्हणाला, "पण ताई, सगळं आपलंच आहे ना?"

या वाक्यावर आपण आपल्या गटांत किती संध्याकाळी घालवल्या आहेत! सगळं आपलंच. शेत आपलंच, पण सातबारा त्याच्या नावावर. घर आपलंच, पण कर्जफेडीच्या दाखल्यावर त्याची सही. जोवर गोडी आहे तोवर 'आपलं' या शब्दात दोघं मावतात. बिनसलं, कोणी आजारी पडलं, कोणाची नोकरी गेली, की त्या शब्दाची वाटणी होते, आणि तेव्हा ज्याचं नाव लिहिलेलं असतं त्याचं ते असतं. सोन्याच्या बाबतीत तरी कायदा स्पष्ट आहे. प्रतिभा राणी खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की स्त्रीधन ही बायकोची स्वतःची मालमत्ता. सासरच्यांकडे असलं तरी ते विश्वासानं ठेवायला दिलेलं असतं. मग ते मोडून अनामत भरली, तर वहीत 'तिच्याकडून उसने, ३ लाख' अशी नोंद का होऊ नये? भावाकडून घेतले असते तर झाली असती.

इथं मला आनंदीबाई जोशींची आठवण होते. त्यांचा जन्म १८६५ साली पुण्याचाच. १८८३ च्या एप्रिलात त्या कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, त्या वाटखर्चासाठी दागिने विकून. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस पुरी होण्याआधी, क्षयानं पुण्यात गेल्या. परदेशी जाणाऱ्या मराठी कुटुंबाच्या हिशेबात बायकोचं सोनं तेव्हापासून आहे. फरक एवढाच, की आनंदीबाईंनी सोनं विकलं ते स्वतःच्या शिक्षणासाठी. गोपाळराव मागाहून तिकडे पोचले. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनी आमच्या मैत्रिणीचं सोनं मोडतंय ते तिनं काम सोडून घरी बसावं म्हणून. याला पुढे जाणं म्हणायचं का?

आता कोणी म्हणेल, तिथं जाऊन तीही काम करील की. करील, पण तो हिशेबही आधीच मांडावा लागतो, कारण तिला काम करू द्यायचं की नाही हे पुष्कळ ठिकाणी तिच्या हातात नसतं, तिच्या व्हिसावर लिहिलेलं असतं. अमेरिकेत एच-वन-बी घेऊन गेलेल्याच्या जोडीदाराला एच-फोर मिळतो. त्यावर काम करायला वर्षानुवर्षं बंदीच होती. २६ मे २०१५ पासून काहींना परवानगी मिळू लागली, पण ज्यांच्या कायम वास्तव्याची प्रक्रिया एका टप्प्यापर्यंत गेली आहे अशांच्याच जोडीदारांना. म्हणजे पहिली काही वर्षं घर एकाच पगारावर चालणार, हे धरून चालायचं. डॉक्टर, इंजिनिअर, वकील झालेल्या कितीतरी मराठी मुली या एका अक्षरानं आणि एका आकड्यानं स्वयंपाकघरात नेऊन बसवल्या. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराच्या जोडीदाराला काम करता येतं, पण तिथं आरोग्याचा अधिभार फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६ पौंड झाला, आणि तोही व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा आधीच भरायचा. दोघं आणि एक मूल तीन वर्षांसाठी निघाले तर ८,५३८ पौंड. पहिला पगार हाती येण्याआधी!

जर्मनीत ही अडचण नाही. तिथं जोडीदाराला काम करायची मुभा आहे. उलट नवऱ्याकडे ब्लू कार्ड असेल तर बायकोला व्हिसासाठी जर्मन भाषेची परीक्षाही द्यावी लागत नाही. ऐकायला किती बरं वाटतं! पण याचाच परिणाम असा, की परीक्षा सक्तीची नाही म्हणून त्या एकतीस ओळींत भाषेच्या वर्गाची ओळच नव्हती. आणि जर्मन आल्याशिवाय हिशेबनिसाला जर्मनीत काम कोण देणार? तिथला कर, तिथली कागदपत्रं, सगळं जर्मनमध्ये. वर्गाला जायचं तर मुलाला बालवाडीत ठेवायला हवं. मूल एक वर्षाचं झालं की त्याला जागा मिळण्याचा हक्क तिथल्या कायद्यानं २०१३ पासून दिला आहे, पण जागा कमी आणि वाट पाहणारे जास्त, आणि श्टुटगार्टला त्याची फीही पडते. मग फी वाचवायला मूल घरी, मूल घरी म्हणून वर्ग नाही, वर्ग नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून फी परवडत नाही. हे चक्र सुरू करणारं शून्य पुण्यात, कागदावर, सगळ्यांच्या समजुतीनं लिहिलं गेलं होतं.

आणखी एक बारकावा. तिथं नवरा-बायको कराचे वर्ग निवडू शकतात. जास्त कमावणाऱ्यानं तीन घ्यायचा आणि कमी कमावणाऱ्यानं पाच, म्हणजे दर महिन्याला घरात थोडे जास्त पैसे येतात, असं सगळे सांगतात. खरं आहे. पण पाचव्या वर्गात बायकोच्या पगारातून इतकी कपात होते, की "एवढ्यासाठी कशाला राबायचं?" असं तिलाच वाटू लागतं. शिवाय बेकारभत्ता आणि बाळंतपणानंतरचा भत्ता हातात पडणाऱ्या पगारावरून ठरतो, तोही मग तिचा कमी. दोघांनी चौथा वर्ग घेण्याचीही सोय आहे. कुठला घ्यायचा ते ज्यानं त्यानं ठरवावं; पण 'घराचा फायदा' आणि 'तिचा तोटा' हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून ठरवावं. आणि त्याच देशात, लग्नाच्या काळात दोघांनी मिळवलेला पेन्शनचा हक्क घटस्फोटाच्या वेळी निम्मा-निम्मा वाटून देण्याची पद्धत १९७७ पासून आहे, हे सांगितलं तेव्हा नवरा कागदावरून डोकं वर काढून म्हणाला, "म्हणजे तिथलं सरकार हे धरतं?" धरतं. आपण धरत नाही.

आम्ही बोलत होतो तेव्हा सासूबाई आतल्या खोलीतून येऊन बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. त्या इथंच राहणार. कागदावर त्यांचीही ओळ होती : 'आई : औषधं ४,०००, बाई (चालू).' त्या म्हणाल्या, "माझ्या गोळ्या धरल्यात. रात्री मला चक्कर आली तर दार कोण उघडणार, ते कुठं धरलंय?" कोणी काही बोललं नाही. मग सून म्हणाली, "मावशी रात्री झोपायला येतील म्हणाल्यात."

मावशी म्हणजे धुणं-भांड्याच्या मावशी. अकरा वर्षं त्या घरी येतात, दीड तासाच्या कामाला. आता त्यांनी रात्री थांबायचं, सकाळी चहा करायचा, डॉक्टरकडे न्यायचं, आणि पगारापुढे शब्द 'चालू'! त्यांच्या घरी त्या रात्री स्वयंपाक कोण करणार, त्यांची नात कोणाजवळ झोपणार? बघा, एक बाई परदेशी गेली की तिच्या न मोजलेल्या कामाचा भार दुसऱ्या बाईवर येतो, आणि तोही न मोजता. याच पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, तेव्हा मध्यमवर्गीय घरांना पहिल्यांदा कळलं की घरकामाला भाव असतो. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. आणि तरी आपल्या ओळखीच्या, चांगल्या, वाचत्या घरात रात्रपाळी 'चालू' या एका शब्दात मिटते. आपण स्वतःसाठी रकाना मागतो तेव्हा मावशींची ओळ आधी नीट लिहायला हवी, नाहीतर आपल्या बोलण्याला अर्थ नाही.

हे सगळं शनिवार पेठेतल्या सुखवस्तूंचं दुखणं आहे, असं काहीजणींना वाटेल. आपल्या बीडच्या, नगरच्या मैत्रिणी म्हणतील, आमच्याकडे पोटासाठी घरं निघतात तेव्हा विमानानं जात नाहीत. त्यांना मी त्यांच्याच गावची गोष्ट आठवून देते. ऊसतोडीला कुटुंबं निघतात तेव्हा मुकादम 'कोयता' मोजतो. एक कोयता म्हणजे एक जोडपं, नवरा आणि बायको मिळून एक. उचल दिली जाते ती नवऱ्याच्या हातात. ती ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, वर पहाटे उठून भाकरी थापते. आणि मुकादमाच्या वहीत तिचं नाव नसतं. चाकणच्या इंजिनिअरचा संगणकावरचा तक्ता आणि मुकादमाची मळकी वही यांच्यात पैशाचं अंतर आकाशपाताळाचं आहे. कष्टाचंही आहे, ते मी एका मापानं मोजत नाही. पण दोन्हीकडे कामासाठी घर हलतं तेव्हा दोघांना मिळून एक धरतात, आणि तो एक नवरा असतो.

शिवाय परदेशाची वाट आता फक्त पेठांतून जात नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात परिचारिका आहेत, वीजतंत्री आहेत, वाहनचालक आहेत. श्टुटगार्ट ही त्याच राज्याची राजधानी. म्हणजे जिल्ह्याच्या गावांतल्या घरांमध्येही हे कागद मांडले जाणार. काही घरांत जाणारी नर्सच असेल आणि नवरा मागे राहील किंवा मागाहून जाईल. तिथंही विचारा, तिनं पाठवलेले पैसे कोणाच्या खात्यात येणार आणि त्यावर सही कोणाची? मनुष्यबळ मोजताना माणूस एकटा मोजला जातो. त्याच्यामागचं घर कोण चालवतं हे करारात लिहीत नाहीत. ते आपणच लिहायला हवं.

घरकामाची किंमत काढता येत नाही, असं अजून लोक म्हणतात. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या, घरकाम करणाऱ्या स्त्रिया बिनपगारी घरकामात दिवसाला सरासरी ३०५ मिनिटं घालवतात असं निघालं. २०१९ मध्ये ती ३१५ होती. पाच वर्षांत दहा मिनिटं सुटली! माणसांची काळजी घेण्याच्या कामात बायकांची १४० मिनिटं जातात आणि पुरुषांची ७४. म्हणजे मोजता येतं. कोर्टंही मोजतात. अपघातात गृहिणी गेली तर तिच्या कामाचं अंदाजी उत्पन्न धरून भरपाई द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा ठासून सांगितलं. पण तो हिशेब ती मेल्यावर होतो. जिवंतपणी केला तर घर मोडतं, असं आपल्याला वाटतं.

तर मग करायचं काय? जाऊ नका असं मी कोणाला म्हणणार नाही. जग पाहावं, चार पैसे मिळवावे, मुलांनी दुसरी भाषा शिकावी, यात वाईट काय? फक्त निघण्यापूर्वी घरातल्या त्या कागदावर काही ओळी वाढवा.

पहिली ओळ, तिच्या सुटणाऱ्या पगाराची आणि पीएफची. ती खर्चाच्या बाजूला लिहा. बेरीज बदलेल, बदलू दे. नवऱ्याच्या नव्या पगारातून तो खर्च निघत नसेल तर हा व्यवहार फायद्याचा नाही, हे दोघांना आधी कळलेलं बरं.

दुसरी, तिच्या पैशाची. पीएफ शक्यतो मोडू नका. पेन्शन योजनेत १० वर्षं भरली तरच पेन्शन मिळते. आमच्या मैत्रिणीची ८ झाली आहेत. पेन्शनचे पैसे काढून घेतले तर ती ८ पुसली जातात; त्याऐवजी 'स्कीम सर्टिफिकेट' घेतलं तर परत आल्यावर नव्या नोकरीत ती पुढे धरली जातात. इथलं बचत खातं बंद करू नका, परदेशी राहायला गेल्यावर ते नियमाप्रमाणे एनआरओ करून घ्या. आणि तिथं गेल्यावर स्वतःच्या एकटीच्या नावानं खातं उघडा. जर्मनीत कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला साध्या खात्याचा हक्क २०१६ पासून आहे.

तिसरी, भाषेच्या वर्गाची आणि बालवाडीची. पहिल्या महिन्यापासून. याला 'नंतर बघू' लिहायचं नाही.

चौथी, मागे राहणाऱ्यांची. आईच्या नावानं दर महिन्याला ठरलेली रक्कम, त्यांच्या हाताशी. मावशींची रात्रपाळी, त्यांची सुट्टी, आणि त्या आजारी पडल्या तर बदली कोण, हे सगळं आकड्यांत.

पाचवी ओळ लिहायला जड जाते, म्हणूनच लिहा. तिच्या खात्यात तिच्या आणि मुलाच्या परतीच्या तिकिटाचे आणि दोन महिन्यांच्या राहण्याचे पैसे. आणि पासपोर्ट, लग्नाचा दाखला, पदव्या यांच्या प्रती तिच्याजवळ आणि एक संच माहेरी. परदेशात सोडून दिलेल्या बायकांच्या तक्रारी इतक्या आल्या, की २००९ मध्ये राष्ट्रीय महिला आयोगाला त्यासाठी वेगळा कक्ष काढावा लागला. त्याच वर्षी भारतीय वकिलातींत अडचणीतल्या भारतीयांसाठी कल्याण निधी सुरू झाला. दोन्हींची माहिती प्रत्येक निघणाऱ्या बाईजवळ असावी. आगीचा विमा काढणारा घराला आग लागावी अशी इच्छा धरत नाही.

त्या घरी पुढे काय झालं? सगळं सुतासारखं सरळ झालं असं नाही. 'तिचा तोटा' हे शब्द नवऱ्याला लागले. तो दोन दिवस बोलला नाही, असं ती सांगत होती. मग एका रात्री त्यानंच नवा कागद केला. पीएफ मोडायचा नाही असं ठरलं. त्याऐवजी त्यानं मोटार विकली आणि अनामत तीन हप्त्यांत द्यायचं ठरवलं. सोन्यातलं निम्मं मोडलं आणि त्यापुढे 'तिचे, परत देणे' असं लिहिलं. भाषेच्या वर्गासाठी ती आता रोज संध्याकाळी जाते. त्या वेळात मुलगा बापाजवळ असतो. मावशींची रात्रपाळी वेगळ्या पगारावर, आठवड्याला एक रात्र सुट्टी. पहिले सहा महिने तरी ती तिथं घरीच असणार आहे, ते काही टळलं नाही. पण ते सहा महिने आता कागदावर आहेत, आकड्यासकट, दोघांच्या डोळ्यांपुढे. बेरीज पहिल्यापेक्षा कमी भरली. सासूबाई म्हणाल्या, "कमी भरली, पण खरी भरली."

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणी अशा जाऊन आल्या आहात, कितीजणींच्या लेकी-सुना निघाल्या आहेत, कितीजणी मागे राहून घर सांभाळता आहात. दुबईला, मस्कतला, अमेरिकेला, नाहीतर नुसत्या कारखान्याच्या फडावर. तुमच्या घरी जाण्याचा हिशेब कोणी मांडला, त्यात तुमची ओळ होती का, नसेल तर त्याची किंमत पुढे काय पडली, हे आम्हाला लिहून कळवा. नाव नको असेल तर नाव छापणार नाही. पुढच्या अंकात या पत्रांसाठी पानं राखून ठेवली आहेत.

आणि आज रात्री घरातली खर्चाची वही घ्या आणि कुठे कुठे शून्य लिहिलंय तेवढं बघा. काम होतंय आणि पैसे लागत नाहीत असं जिथं दिसेल, तिथं कोणीतरी बाई राबते आहे. तिचं नाव तिथं लिहा.

तुमची,
संपादक